पडदा एकाचा, दोष दुसऱ्याचा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते यंत्राचे कौतुक फार वेळ ऐकून घेत नसत. ते बंद कधी पडते आणि का पडते हे आधी विचारत, असे संयोजकांनी मला सांगितले. म्हणून मी संगणकाच्या पराक्रमांवर बोलणार नाही. तो मध्येच का कोसळतो, यावर बोलणार आहे.

संगणक बंद पडला की आपल्याकडे निकाल ठरलेले असतात. ‘विंडोजच तसली.’ नाहीतर ‘व्हायरस आला असेल.’ आणि दुरुस्तीवाल्याचा शेवटचा निकाल : ‘फॉरमॅट मारून देतो.’ या तिन्ही निकालांत ज्याचे नाव घेतले जात नाही, पण जो बऱ्याचदा खरा आरोपी असतो, तो म्हणजे ड्रायव्हर. जुन्या मदरबोर्डच्या खोक्यात एक सीडी मिळायची, ती हरवली की आवाज येईना, इंटरनेट लागेना, आणि मग ‘ड्रायव्हर टाकून घ्या’ असा सल्ला मिळायचा. तेवढीच आपली त्याच्याशी ओळख.

ऑपरेटिंग सिस्टिमला प्रिंटर म्हणजे काय ते ठाऊक असते. तुमच्या टेबलावरचा, अमुक कंपनीचा, अमुक मॉडेलचा प्रिंटर ठाऊक नसतो. त्याच्या कोणत्या खणात कोणता आकडा टाकला की कागद ओढला जातो, आणि कागद अडकला की तो उलट काय कळवतो, हे तो बनवणाऱ्यालाच माहीत. ते ज्ञान प्रोग्रॅमच्या रूपात लिहून दिले की ड्रायव्हर झाला. वाय-फाय, टचपॅड, कॅमेरा, बोटाचा ठसा घेणारे यंत्र, ग्राफिक्स कार्ड या सगळ्यांचे आपापले ड्रायव्हर असतात. लिनक्सचा गाभा म्हणून जो कोड ओळखला जातो त्याच्या निम्म्याहून अधिक ओळी निव्वळ ड्रायव्हरच्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. प्रोसेसर दोन प्रकारच्या अधिकारांत काम करतो. वर्ड, ब्राउझर, टॅली यांसारखे प्रोग्रॅम कमी अधिकारात चालतात. प्रत्येकाला मेमरीचा आपला तुकडा मिळतो आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात हात घातला की प्रोसेसर तिथल्या तिथे अडवतो. प्रोग्रॅम मरतो, बाकीचे काम चालू राहते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मात्र पूर्ण अधिकारात चालतो. तिथे भिंती नाहीत. सगळी मेमरी सगळ्यांची. आणि विंडोज घ्या किंवा लिनक्स, बहुतेक ड्रायव्हर पूर्वापार या कर्नलमध्येच बसत आले. जुन्या चाळीत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच फ्यूज असे. तिसऱ्या मजल्यावर कोणी खराब शेगडी लावली की तळमजल्यावरचा रेडिओही बंद. कर्नलमधला कारभार असाच आहे. साउंड कार्डाच्या ड्रायव्हरने चुकीच्या जागी चार आकडे लिहिले तर तुमच्या फायली सांभाळणारा कोड बिघडू शकतो, आणि बिघडला हे कळायलाही वेळ जातो.

म्हणून विंडोज कोसळताना दिसणाऱ्या निळ्या पडद्याबद्दल माझे मत लोकांपेक्षा जरा वेगळे आहे. कर्नलमध्ये कोणी नसत्या जागी हात घातल्याचे दिसले, की नेमके काय काय बिघडले हे विंडोजला सांगता येत नाही. तसेच पुढे चालू ठेवले तर बिघडलेली माहिती हार्ड डिस्कवर लिहिली जाईल. त्यापेक्षा सगळे तिथेच थांबवणे शहाणपणाचे. निळा पडदा म्हणजे हा थांबवण्याचा निर्णय. त्यात अन्याय एकच, की पडद्यावर नाव विंडोजचे आणि चूक बहुधा दुसऱ्याची.

हे किती थराला जाऊ शकते याचे एक उदाहरण सांगतो. शुक्रवार, १९ जुलै २०२४. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. चूक लक्षात येऊन ती मागे घेतली तेव्हा १० वाजून ५७ मिनिटे झाली होती. तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीला पुढच्या काही दिवसांत सुमारे ७ हजार उड्डाणे रद्द करावी लागली. आपल्याकडे इंडिगो, स्पाइसजेट आणि मुंबईची आकासा यांच्या काउंटरवर कर्मचारी पेनाने बोर्डिंग पास लिहीत बसले. त्या हस्तलिखित पासांचे फोटो तुम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले असतील.

हा हल्ला नव्हता. काय झाले ते जरा सावकाश बघू, कारण एवढा स्पष्ट दाखला क्वचित हाती लागतो.

फाल्कनचा एक भाग कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसतो. त्याला कोणतेही यंत्र चालवायचे नसते. कर्नलमधून बाकी सर्वांवर नजर ठेवता येते म्हणून त्याने ड्रायव्हरचा वेष घेतलेला असतो. हा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून रीतसर गेलेला होता. पण हल्लेखोरांच्या क्लृप्त्या सतत बदलतात आणि दर वेळी ड्रायव्हर नव्याने तपासून घेण्याइतका वेळ नसतो. त्यावर तोडगा असा, की ड्रायव्हर तोच ठेवायचा आणि काय शोधायचे याच्या नियमांची फाइल तेवढी बदलत राहायची. त्या दिवशीच्या फाइलचे नाव चॅनेल फाइल २९१. नियमांच्या साच्यात रकाने २१ होते. त्या नियमांना माहिती पुरवणारा कोड मात्र २०च रकाने भरून देत असे. ही तफावत फेब्रुवारीपासून तशीच पडून होती. तोवरच्या प्रत्येक फाइलमध्ये एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ अशा अर्थाची खूण असे, त्यामुळे तो रकाना उघडून पाहण्याची वेळच आली नव्हती. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा एकविसाव्या रकान्यात खरोखर काय आहे ते विचारले. ड्रायव्हर विसाच्या पुढे गेला, तिथे आपली नसलेली मेमरी वाचायला लागला, आणि कर्नल थांबला.

हीच चूक एखाद्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये झाली असती तर तो प्रोग्रॅम बंद पडला असता, कोणीतरी वैतागून पुन्हा उघडला असता, संपले. इथे दुहेरी पेच होता. फाल्कनचा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चढतो, सुरक्षेसाठी तो तसाच चढायला हवा. म्हणजे रीस्टार्ट केले की ड्रायव्हर चढणार, फाइल वाचणार, पुन्हा निळा पडदा. संगणक इंटरनेटपर्यंत पोहोचतच नसल्याने दुरुस्तीही दुरून पाठवता येईना. शेवटी माणूस प्रत्येक संगणकापाशी गेला, सेफ मोडमध्ये शिरला आणि ती एक फाइल हाताने पुसली. ज्यांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती त्यांना त्याआधी ४८ अंकी किल्ली टाइप करावी लागली. आणि काही ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तो सर्व्हरच निळा झालेला. यात कोणी तरी अडाणी प्रोग्रॅमर शोधून त्याला फासावर द्यावे असे वाटणे साहजिक आहे. मला तसे वाटत नाही. एकविसावा रकाना मोजायला विसरणे ही रोजच्या कामातली चूक आहे, ती होणारच. एका रकान्याच्या चुकीने विमाने जमिनीवर राहावीत, ही रचना कोणी आणि का केली, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

त्याआधी ड्रायव्हर लिहिणे इतके नाजूक का, ते सांगतो. साधा प्रोग्रॅम आपल्या गतीने चालतो. ड्रायव्हरला यंत्राच्या गतीने चालावे लागते. नेटवर्क कार्डावर माहिती आली की ते प्रोसेसरला हाक मारते, ज्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातले काम तसेच टाकून ड्रायव्हरच्या कोडकडे वळतो. त्या क्षणी ड्रायव्हरने काय करावे आणि काय करू नये याचे कडक नियम आहेत. जी मेमरी त्या वेळी डिस्कवर गेलेली असू शकते तिला हात लावायचा नाही, थांबून वाट पाहायची नाही. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हे निळ्या पडद्यावरचे अगम्य वाक्य ज्यांनी पाहिले असेल त्यांच्यासाठी खुलासा : ते बहुतेक वेळा याच नियमाच्या भंगाची तक्रार करत असते. त्यात आता प्रोसेसरला आठ-दहा कोअर असतात, म्हणजे ड्रायव्हरचा तोच कोड एकाच वेळी दोन ठिकाणी चालू असू शकतो. एकाने कुलूप लावून दुसऱ्याने किल्ली नेली की दोघेही कायमचे उभे. अशा चुका चाचणीत सापडत नाहीत. त्या लाखात एकदा जुळून येणाऱ्या वेळेची वाट पाहतात, आणि लाखो ग्राहक असले की ती वेळ रोज कुठेतरी येते.

पुन्हा यंत्र नेहमी खरे बोलते असे नाही. वायर सैल असते, चिप तापलेली असते, ‘तयार आहे’ असे सांगून ती तयार नसते. ड्रायव्हर लिहिणारा तिच्यावर विश्वास टाकून उत्तराची वाट पाहत बसला, तर संगणक हँग. लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडणे आपल्याला किती साधे वाटते! प्रत्येक ड्रायव्हरला त्या वेळी आपले यंत्र झोपवून पुन्हा नेमके होते त्या अवस्थेत उठवावे लागते. झाकण उघडल्यावर वाय-फाय न सापडणे, आवाज गायब होणे, पडदा काळाच राहणे या तक्रारी तिथून निघतात. आणि ज्याला थेट मेमरी-प्रवेश म्हणतात त्यात तर यंत्र प्रोसेसरला न विचारता मेमरीत लिहिते. ड्रायव्हरने त्याला चुकीचा पत्ता दिला तर पकडणारा कोणी नाही; नव्या प्रोसेसरांत त्यावर पहारा ठेवणारा भाग असतो, जुन्यांत बहुधा नसे.

हे तांत्रिक झाले. आर्थिक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ड्रायव्हर कोणी विकत घेत नाही. कंपनी कार्ड विकते, प्रिंटर विकते. ड्रायव्हर हा तिच्या दृष्टीने खर्च. मॉडेल बाजारात जाण्याची तारीख ठरलेली, चिप उशिरा हाती आलेली, आणि उरलेल्या आठवड्यांत ड्रायव्हर उरकायचा. पुढच्या वर्षी नवे मॉडेल येते, जुन्याचा ड्रायव्हर तिथेच थिजतो. आणि बिघाड झाला तर शिव्या विंडोजला. चुकीची किंमत चुकणाऱ्याला मोजावी लागत नसेल, तर त्याने चूक टाळण्यासाठी पैसे का खर्च करावेत?

आता रचनेकडे. इंटेलने १९८२ साली आणलेल्या २८६ प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या दोन नव्हे, चार पायऱ्या होत्या. ड्रायव्हरना मधल्या पायऱ्यांवर बसवता आले असते. पण विंडोज एनटी इतर कंपन्यांच्या प्रोसेसरांवरही चालवायची होती, तिथे चार पायऱ्या मिळण्याची खात्री नव्हती. लिनक्सनेही दोनच वापरल्या. मधल्या पायऱ्या रिकाम्या राहिल्या. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेली पहिली विंडोज एनटी १९९३ मध्ये आली तेव्हा खिडक्या आणि चित्रे रंगवणारा सगळा भाग कर्नलबाहेर होता. हे बरोबर होते, पण हळू होते. मेमरी महाग होती, आणि बाहेरून आत दर वेळी ये-जा करण्यात वेळ जाई. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये तो भाग, ग्राफिक्स ड्रायव्हरसकट, कर्नलमध्ये आणला गेला. मायक्रोसॉफ्टची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पडदा रंगवणारा भाग मेला तर तसाही संगणक वापरता येत नाही, मग तो आत असला काय नि बाहेर असला काय, असे त्यांचे म्हणणे. पण यात एक गफलत आहे. बाहेर मेलेला भाग शेजाऱ्याची मेमरी खराब करून मरत नाही. वेग विकत घेतला आणि किंमत पुढच्या दहा वर्षांच्या वापरणाऱ्यांनी भरली, असे मी म्हणेन.

त्याच काळात, एप्रिल १९९८ मध्ये, शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभे राहून त्यांचे सहकारी ख्रिस कापोसेला यांनी विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडून दाखवला. यूएसबीला जोडला की ड्रायव्हर आपोआप चढतो, हे दाखवायचे होते. भरसभेत निळा पडदा आला. म्हणूनच अजून हे बाजारात आणलेले नाही, असे म्हणून गेट्स यांनी वेळ मारून नेली. लोक अजून तो व्हिडिओ हसत हसत बघतात. विंडोज ९८ चा पाया एनटीपेक्षाही कच्चा होता, त्यामुळे दोष एकट्या ड्रायव्हरवर टाकता येणार नाही. पण नवे यंत्र जोडण्याचा क्षण किती धोक्याचा असतो हे तिथे दिसले.

पुराव्याशिवाय मी बोलतो आहे असे वाटू नये म्हणून तीन अभ्यास सांगतो. २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉसन एंगलर आणि अँडी चौ यांच्या गटाने लिनक्सचा कोड यंत्राकडून तपासून घेतला. उरलेल्या कर्नलच्या तुलनेत ड्रायव्हरमध्ये चुकांचे प्रमाण काही बाबतीत तीन ते सातपट निघाले. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनी आपल्या शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या तेव्हाच्या नोंदींचा हवाला दिला : कोसळण्याच्या घटनांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे. तिसरा आकडा न्यायालयातून आला. विंडोज व्हिस्टाबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी जो खटला भरला त्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले. २००७ मधल्या एका काळात व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदींपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होत्या, खुद्द मायक्रोसॉफ्टच्या कोडमुळे १७.९ टक्के. एनव्हिडियाची कार्डे तेव्हा फार खपत होती, त्यामुळे हा आकडा वाचताना तेही ध्यानात घ्यावे. तरीही व्हिस्टा म्हणून ज्या ऑपरेटिंग सिस्टिमची जगभर चेष्टा झाली, तिच्या बदनामीत दुसऱ्यांचा वाटा मोठा होता.

इथे एक सावधगिरीचा शब्द. पडद्यावर ड्रायव्हरचे नाव आले म्हणजे तो दोषी ठरलाच असेही नाही. रॅम खराब असेल तर बिचाऱ्या चांगल्या ड्रायव्हरच्या हातात कुजलेली माहिती येते आणि त्याच्या नावाने पडदा पडतो. दर वेळी वेगळ्याच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर आधी रॅम तपासावी. आणि जाहिरातींतून आपल्या अंगावर येणारे ‘ड्रायव्हर अपडेटर’ कृपया टाकू नका. यंत्राच्या कंपनीची वेबसाइट किंवा विंडोज अपडेट एवढे पुरे.

सुधारणा झाली का? झाली, आणि ती दोन वाटांनी झाली. पहिली वाट, आत बसणाऱ्याची कसून परीक्षा. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी ‘स्लॅम’ नावाचा प्रकल्प केला. ड्रायव्हर न चालवता, फक्त त्याचा कोड वाचून, तो कर्नलचे नियम कुठे मोडू शकतो हे गणिताने शोधायचे : घेतलेले कुलूप दुसऱ्यांदा घेतले का, सोडायचे राहिले का. त्यातून निघालेले साधन पुढे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या हाती दिले गेले. राजमणी पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे प्रमुख झाले. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ‘डिस्क्रीट मॅथ्स कशाला शिकायचे’ असे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर सांगावे. लिनक्सच्या बाबतीतही, स्टॅनफर्डच्या अभ्यासानंतर दहा वर्षांनी युरोपातल्या संशोधकांनी तीच मोजणी पुन्हा केली, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचे प्रमाण इतके खाली आले होते की कर्नलचे दुसरेच विभाग त्यांच्या पुढे गेले. सगळ्यांची नजर तिथे लागली होती, म्हणून.

दुसरी वाट अधिक मुळातली : त्याला आतच घेऊ नका. प्रिंटरचे ड्रायव्हर एनटी ४.० मध्ये कर्नलमध्ये चालत. विंडोज २००० पासून ते बाहेर चालू लागले आणि व्हिस्टाने तर आतल्यांना दारच बंद केले. तेव्हापासून प्रिंटर आपल्याला छळतो तो छापताना, संगणक बंद पाडून नव्हे. ग्राफिक्सचेही तसेच. व्हिस्टाने १९९६ चा निर्णय अर्धा फिरवला. ड्रायव्हरचा मोठा हिस्सा बाहेर काढला आणि आत एक पहारेकरी ठेवला. कार्डाने साधारण दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर तो ड्रायव्हरला पुन्हा सुरू करतो. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि डिस्प्ले ड्रायव्हर सावरल्याचा निरोप दिसतो, हे अनेकांनी पाहिले असेल. पूर्वी त्याच जागी निळा पडदा होता. अ‍ॅपलने २०१९ पासून बाहेरच्यांना आपल्या कर्नलमधून जवळजवळ हाकललेच.

ही कल्पना नवी नाही. अ‍ॅमस्टरडॅमचे अँड्र्यू टॅनेनबाम आयुष्यभर तेच सांगत आले. त्यांच्या मिनिक्स ३ मध्ये प्रत्येक ड्रायव्हर साध्या प्रोग्रॅमसारखा बाहेर चालतो आणि मेला तर त्याला पुन्हा उभे करणारा वेगळा प्रोग्रॅम असतो. १९९२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांच्याशी त्यांचा या मुद्द्यावर जाहीर वाद झाला. बाजार टॉरवल्ड्स यांनी जिंकला यात शंका नाही. पण १९९२ नंतर ऑपरेटिंग सिस्टिम ज्या दिशेने सरकत गेल्या ती पाहता, ड्रायव्हरपुरते तरी टॅनेनबाम बरोबर होते असे माझे मत आहे. वेगाचा आक्षेप त्या वेळी खरा होता. आजच्या प्रोसेसरवर तो बहुतेक यंत्रांच्या बाबतीत उरलेला नाही. अतिवेगवान नेटवर्क आणि डिस्क यांच्यापाशी तो थोडा उरतो, तेवढ्यांना सवलत द्यावी. माउसला कर्नलमध्ये बसण्याची गरज नाही.

ड्रायव्हरवरच्या सहीबद्दल बोलायलाच हवे, कारण अनेकांचा तिच्यावर फाजील विश्वास आहे. ६४ बिटांच्या व्हिस्टापासून डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर विंडोज कर्नलमध्ये घेत नाही. चांगली गोष्ट आहे. पण सही सांगते की हे कोणी लिहिले. नीट लिहिले का, हे सांगत नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या, चोरलेल्या, सह्या होत्या. हल्ली हल्लेखोरांना चोरी करण्याचीही गरज पडत नाही. ते एखाद्या प्रामाणिक कंपनीचा जुना, सहीचा, पण भोक असलेला ड्रायव्हर सोबत आणतात, संगणकावर चढवतात आणि त्या भोकातून कर्नलमध्ये शिरतात. अस्थिर ड्रायव्हर आणि असुरक्षित ड्रायव्हर या बऱ्याचदा एकाच चुकीच्या दोन बाजू असतात.

आणि तुमच्या खिशातला फोन. अँड्रॉइडच्या आत लिनक्सच आहे. लिनक्सची पद्धत अशी, की ड्रायव्हरचा कोड मुख्य प्रकल्पात आणून द्यायचा. मग कर्नलमध्ये जो कोणी बदल करील त्यानेच त्या बदलाने मोडणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. म्हणून लिनक्सवर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कार्डही चालताना दिसते. फोनच्या चिप बनवणाऱ्यांनी मात्र आपापले ड्रायव्हर वर्षानुवर्षे बाहेरच ठेवले, एकेका कर्नल-आवृत्तीला जखडून. नवे अँड्रॉइड आले की चिपवाल्याने ड्रायव्हर जुळवून द्यायचे, मग फोनवाल्याने, आणि दोघांनाही तोवर नवा फोन विकायचा असे. दोन वर्षांत फोन ‘जुना’ होण्यामागे हे मोठे कारण होते. २०१७ मध्ये गूगलने ‘ट्रेबल’ नावाची व्यवस्था आणून अँड्रॉइड आणि चिपवाल्याचा कोड यांच्यामध्ये ठरलेली सीमा घातली, तेव्हापासून परिस्थिती सुधारते आहे, सावकाश.

रस्ट या नव्या भाषेकडून आता बऱ्याच अपेक्षा आहेत. डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये ती वापरण्याची सोय आली. रकाने वीसच असताना एकविसावा वाचण्यासारखी चूक ही भाषा मुकाट्याने होऊ देत नाही. पण आत बसलेला प्रोग्रॅम चूक ओळखून स्वतःच थांबला तरी कर्नलही त्याच्याबरोबर थांबू शकतोच. आणि यंत्राला चुकीचा हुकूम देण्यापासून कोणतीही भाषा अडवू शकत नाही. तेव्हा भाषा बदलणे हवे आहे, त्याने जागा बदलण्याची गरज संपत नाही. क्राउडस्ट्राइकच्या प्रकारानंतर मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा-सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर राहून काम करता यावे अशी सोय बांधायला घेतली आहे. एवढ्या मोठ्या फजितीची वाट पाहावी लागली, ही गोष्ट मात्र विसरू नये.

या सभागृहात महाविद्यालयांचे, सहकारी बँकांचे, रुग्णालयांचे, जिल्हा परिषदांचे लोक बसलेले दिसतात, आणि त्यांतले काही खरेदी समित्यांवर असतील. आपल्या निविदांत रॅम किती, डिस्क किती, किंमत किती हे तपशिलाने लिहिलेले असते. ड्रायव्हरबद्दल एक ओळ नसते. मग विंडोज बदलते आणि उत्तम चालणारा स्कॅनर कपाटात जातो. माझी विनंती आहे की पुढच्या निविदेत पुरवठादाराकडून लिहून घ्या : या यंत्राचे ड्रायव्हर किती वर्षे मिळतील, आणि कंपनीचा खास ड्रायव्हर न टाकता, ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येणाऱ्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर ते चालते का. सुरक्षा-सॉफ्टवेअर घेत असाल तर त्याची प्रत्येक फाइल, मग ती ‘फक्त नियमांची’ का असेना, आधी थोड्या संगणकांवर आणि मगच सगळ्यांवर जाईल, अशी अट घाला, आणि संगणक चालूच होत नसेल तेव्हा डिस्कची किल्ली कागदावर कुठे ठेवली आहे ते आपल्या माणसांना आजच विचारा. हे प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले, तरच ड्रायव्हर नीट लिहिण्याचा खर्च कंपन्यांना परवडू लागेल.